वडिलांचा संप आणि तुमचा फॉर्म

‘ताई, सप्रेम नमस्कार. मी चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये काम करतो. वय ३४. सहा वर्षांत मशीन तेच आहे, सुपरवायझर तोच आहे, पण गेटचे कार्ड तिसरे आहे, कारण दर वेळी त्यावरचे ठेकेदाराचे नाव बदलते. हातात साडेसतरा हजार येतात. शेजारच्या मशीनवरच्या परमनंट माणसाचा पगार याच्या दुपटीहून जास्त आहे. मागच्या महिन्यात आमच्यातल्या एका मुलाची दोन बोटे प्रेसमध्ये गेली. ठेकेदाराच्या माणसाने त्याला खासगी दवाखान्यात नेले आणि “घरी लागले असे सांग” म्हणून बजावले. तेव्हापासून मुले चिडलेली आहेत. एका युनियनचे लोक गेटबाहेरच्या टपरीवर फॉर्म भरून घेत आहेत आणि येत्या रविवारी बैठक आहे. सुपरवायझरने मला बाजूला घेऊन सांगितले की नावे वर जातात, घरचा विचार कर. माझे वडील १९८२ मध्ये परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, बदली कामगार होते. संपानंतर ते पाटण तालुक्यातल्या गावी परतले ते कायमचेच. आईचे मंगळसूत्र तेव्हा मोडले ते पुन्हा झाले नाही. सध्या ते आमच्याकडे आले आहेत. फॉर्मचे ऐकून त्या रात्री ते जेवले नाहीत. “या घरात युनियन पुन्हा नको,” एवढेच म्हणतात. मुलगी दुसरीत आहे, खोलीचे भाडे आहे, गाडीचा हप्ता आहे. सही करावी का? आणि वडिलांना काय सांगू?’
— एक कंत्राटी कामगार, चाकण

स.न.वि.वि.

आधी उत्तर देते, मग कारणे सांगते. फॉर्मवर सही करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु ती रविवारच्या बैठकीनंतर करावी, टपरीवर उभ्याउभ्या करू नये, आणि बैठकीला जाताना वडिलांना सोबत नेता आले तर अवश्य न्यावे. कामगार न्यायालयांत मी तीस वर्षे कामगारांच्या बाजूने उभी राहिले आहे. त्या काळात युनियनच्या चुकीमुळे बुडालेली माणसे मी पाहिली, तशीच पाठीशी युनियन नसल्यामुळे बुडालेलीही पाहिली. दुसऱ्या प्रकारच्या माणसांची संख्या पुष्कळ मोठी आहे, पण ती एकेकटी बुडतात म्हणून त्यांची बातमी होत नाही.

वडील जेवले नाहीत याचा राग मानू नका. त्यांची भीती ऐकीव नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला आणि तो रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. तो महिन्यामागून महिने विरत गेला. या संपाची आठवण आज बहुतेक जण ‘एका पुढाऱ्याच्या हट्टापायी गिरण्या बुडाल्या’ एवढ्या एका वाक्यात उरकतात. हे वाक्य तुमच्या वडिलांवर अन्याय करणारे आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका भागातल्या एका उद्योगात एकच संघटना ‘प्रातिनिधिक’ ठरत असे आणि मालकांशी बोलणी करण्याचा, करारावर सही करण्याचा अधिकार तिच्याकडेच राही. मुंबईच्या गिरणी धंद्यात हे स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाचे होते. लाखो कामगार त्या संघाला सोडून दुसऱ्याच्या मागे गेले, हे रस्त्यावर सगळ्यांना दिसत होते. पण कायद्याच्या लेखी त्यांचे म्हणणे त्या संघाच्या तोंडूनच ऐकले जाणार होते. म्हणून पगारवाढीबरोबर हा कायदा रद्द करावा आणि बदली कामगारांना कायम करावे, याही त्या संपाच्या मागण्या होत्या. आपल्या वतीने कोणी बोलावे हे आपण ठरवू, एवढेच तुमचे वडील मागत होते, आणि ती मागणी आजही मला रास्त वाटते.

मग हरले कशाने? मालक धीर धरू शकत होते. अनेक गिरण्यांत माल पडून होता, भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड काढून घेता येत होते, आणि सरकार त्या कायद्याला हात लावायला तयार नव्हते. कामगाराकडे मात्र किती दिवस थांबायचे याचा हिशेब नव्हता. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी महिनोन्महिने उधारीवर जेवू घातले, गावाकडून तांदूळ-नाचणी आली, दागिने मोडले, आणि तरीही संप कोणत्या टप्प्यावर आवरायचा हा निर्णय खात्याखात्यातल्या कामगारांनी बसून घ्यावा अशी व्यवस्था उभी राहिली नाही. सगळा विश्वास एका माणसावर होता. तो माणूस प्रामाणिक होता, असे मी मानते. पण अडीच लाख चुलींचा निर्णय एका माणसाच्या शब्दावर राहू देणे ही संघटनेची उणीव होती. वडिलांच्या अनुभवातून घ्यायचे ते हेच आहे. संघटनेत जाऊ नये असा निष्कर्ष त्यातून निघत नाही; कशा प्रकारच्या संघटनेत जावे याची पारख मात्र त्यातून निश्चित मिळते.

तुमचे वडील बदली होते, ही गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे. मला ती तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची वाटली. बदली कामगार रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या दाराशी उभा राही आणि कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तरच त्याला आत घेतले जाई. नाहीतर तो दिवस फुकट. वर्षे अशीच जात. आज तुम्हाला रोज आत घेतात, हा फरक आहे खरा. पण उद्या घेणारच असे कोणी बांधलेले नाही, आणि चाळीस वर्षांनंतर त्याच घरातला मुलगा पुन्हा दुसऱ्याच्या मर्जीने दारातून आत जातो आहे.

आता तुमच्या खिशातल्या कार्डाकडे येते. तिन्ही कार्डांवर फोटो तुमचाच, मशीन तेच, फक्त वरच्या ओळीतले ठेकेदाराचे नाव वेगळे. ती ओळ कशासाठी बदलते हे नीट समजून घ्या. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुना नियमांत, अशी तरतूद होती की बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत २४० दिवस सलग काम केले तर त्याला कायम करावे; म्हणून सात महिने झाले की ‘ब्रेक’ देण्याची रीत पडली. १९७१ च्या राज्याच्या कायद्याने, म्हणजे कामगार संघांना मान्यता देणाऱ्या आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाने, कायमपणाचे लाभ मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षे तात्पुरता ठेवणे ही अनुचित प्रथा ठरवली. तेव्हा ‘हा कामगार आमचा नाहीच, ठेकेदाराचा आहे’ हे उत्तर अधिकाधिक कारखान्यांच्या कामी येऊ लागले. सहा वर्षांची नोकरी एका ठेकेदाराकडे सलग दिसू नये, यासाठी तुमच्या कार्डावरची ओळ बदलते.

कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० चा होता आणि त्याच्या नावात ‘नियमन’ या शब्दाबरोबर ‘निर्मूलन’ हाही शब्द होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाच्या एका प्रकरणात असे ठरवले होते की, एखाद्या कामात कंत्राटी पद्धतीला मनाई झाली की तिथले कामगार आपोआप मुख्य मालकाचे होतात. कामगार चळवळीला त्या निकालाने केवढा धीर आला होता, हे मला आठवते. २००१ मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘सेल’च्या प्रकरणात घटनापीठाने तो निकाल फिरवला. आपोआप काही होत नाही. ठेका खरा आहे की केवळ मुखवटा आहे, हे औद्योगिक न्यायाधिकरणाने पुरावा घेऊन ठरवावे, असे त्यात म्हटले. त्याच वर्षी मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, कंपनीने मालक-कामगार हे नातेच नाकारले असेल तर कामगाराला अनुचित प्रथेची तक्रार घेऊन थेट येता येणार नाही, आधी ते नाते सिद्ध करून यावे लागेल. याचा तुमच्यापुरता अर्थ असा की, तुमच्यावरचा अन्याय उघड असला तरी दाद मागण्यापूर्वी ‘मी या कंपनीचा कामगार आहे’ एवढे एक वाक्य सिद्ध करायला आधी समेट, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यासमोर तडजोडीची बोलणी, मग न्यायाधिकरणाकडे अर्ज, मग साक्षीपुरावा असा प्रवास करावा लागतो, आणि तो वर्षांच्या हिशेबात चालतो.

सही करावी असे मी म्हणते त्याचे सर्वांत मोठे कारण इथे आहे. असा खटला एकट्या माणसाला पेलत नाही. एकट्याला तिसऱ्या महिन्यात कामावरून कमी करतात, सहाव्या महिन्यात दुसऱ्या ठेकेदाराकडे काम शोधावे लागते, आणि दुसऱ्या वर्षी तारखेला यायला रजा मिळत नाही म्हणून प्रकरण निकाली निघते. माझ्या एका अशिलाने अकरा वर्षे तारखा केल्या; तो टिकला याचे कारण त्याच्यासोबत आणखी ४३ जण होते. आळीपाळीने दोघे हजर राहत, बाकीचे कामावर जात, आणि दर महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये वकिलीच्या व झेरॉक्सच्या खर्चासाठी जमा होत. त्या वहीत कोणाचे शंभर आले आणि कोणाचे राहिले हे एक मुलगा निळ्या पेनने लिहीत असे आणि दर तारखेला ती वही मला दाखवत असे. मी ती मागत नव्हते, तरी दाखवत असे.

नाते सिद्ध कशाने होते, हेही ऐकून ठेवा. २०१४ मध्ये एअर इंडियाच्या उपाहारगृहातल्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कसोट्या एकत्र मांडल्या: नेमणूक कोण करतो, पगार कोण देतो, काढून टाकण्याचा आणि शिस्तभंगाच्या कारवाईचा अधिकार कोणाचा, काम किती सलग चालले आहे, आणि कामावर पूर्ण ताबा व देखरेख कोणाची आहे. त्या खटल्यात कामगार हरले, हे लपवत नाही. परंतु तुमच्या बाबतीत रजा मंजूर करणारा, पाळी लावणारा, चूक झाली तर झापणारा आणि ओव्हरटाइमला थांबवणारा सुपरवायझर कंपनीच्या रोलवरचा आहे, असे तुमच्या पत्रावरून दिसते. असे असेल तर पाळीचे तक्ते, रजेचे अर्ज, कंपनीच्या नावाने मिळालेली प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, सुरक्षा बुटांच्या पावत्या, बँकेत पगार कोणाच्या खात्यातून आला हे दाखवणारे पासबुक आणि पीएफच्या नोंदी यांची एक फाइल आजच करा. कारखान्यात मोबाइलला मनाई असेल तर आत फोटो काढू नका. तेच निमित्त होईल.

बोटे गेलेल्या मुलाचे पुढे काय झाले, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि मला त्याची काळजी वाटते. ‘घरी लागले’ हे वाक्य त्याने अजून कुठे लिहून दिले नसेल तर देऊ नये. दिले असेल तर दबावाखाली दिले असे लेखी कळवावे, आणि त्यासाठी सोबत काम करणाऱ्या दोघांनी साक्ष द्यावी. १९४८ च्या कारखाने कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीपासून ठेकेदारामार्फत आलेला माणूसही ‘कामगार’ याच व्याख्येत होता, म्हणजे पगाराच्या वेळी जो ‘आमचा नाही’ तो प्रेसचे गार्ड बसवण्याच्या बाबतीत कंपनीचाच होता. ईएसआयमध्येही, म्हणजे कामगारांच्या राज्य विमा योजनेतही, तसेच आहे. ठेकेदाराच्या माणसांचे अंशदान प्रथम मुख्य मालकाने भरायचे आणि मग ठेकेदाराकडून वळते करून घ्यायचे. पगार २१,००० रुपयांच्या मर्यादेत असेल आणि नोंदणी झालेली असेल तर कामावरच्या अपघातात कामावर जाता येत नाही तोवर पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते, आणि बोट कायमचे गेले असेल तर वैद्यकीय मंडळ अपंगत्व ठरवून त्याचा लाभ देते. खासगी दवाखान्याचे बिल ठेकेदाराने उदारपणे भरले असे मुलाला वाटत असेल, तर त्या बिलाच्या बदल्यात त्याच्या हातून काय काढून घेतले जात आहे, हे त्याला समजावून सांगा. युनियनकडे नेण्यासारखे पहिले प्रकरण हे आहे. पगारवाढ त्यानंतर.

तुमच्या कंपनीत परमनंट कामगारांची युनियन आहे की नाही, हे पत्रात नाही, पण मी असे धरून चालते की आहे आणि तुम्हाला तिचे सभासदत्व मिळालेले नाही. याबद्दल मला मनापासून दुःख होते आणि संतापही येतो. दर तीन वर्षांनी करार होतो, पेढे वाटले जातात, आणि त्याच लाइनवर तेच काम करणाऱ्या अर्ध्याहून जास्त माणसांचा त्या करारात एका शब्दानेही उल्लेख नसतो, असे मी एकापेक्षा जास्त कारखान्यांत पाहिले आहे. ही चूक नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्याचे काम जास्त पगाराचे होते आणि तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत. मागावरच्या धोट्यात सूत ओढून घेताना ते तोंडाने शोषावे लागे आणि त्यामुळे विटाळ होतो, असे कारण सांगितले जाई. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला: सर्वांनी मिळून संप करायचा असेल तर सर्व खाती सर्वांना खुली असली पाहिजेत. तुमचे वडील ज्या खात्यात बदली होते त्याच खात्याची ही गोष्ट आहे. आज जातीच्या जागी कार्डाचा रंग आला आहे. तुमच्या शेजारच्या मशीनवरचा माणूस तुमचा शत्रू नाही, त्याचा पगार तुमच्या पगारातून कापलेला नाही. परंतु जोपर्यंत तुम्ही अर्ध्या पगारात तेच काम करता आहात तोपर्यंत त्याची स्वतःची नोकरीही दरवर्षी थोडी थोडी पोकळ होते आहे, आणि हे त्याला कोणीतरी समोर बसून सांगितले पाहिजे. रविवारी त्यांच्यातले दोघे-तिघे जरी आले तरी मी ती बैठक मोठी मानेन.

ज्यांचा एक मालक नाही त्यांना हक्क कसे मिळणार, असा प्रश्न हमालांच्या बाबतीतही विचारला जात असे. दिवसभरात दहा दुकानांची पोती वाहणाऱ्याचा मालक कोण? अण्णासाहेब पाटील यांची माथाडी चळवळ आणि पुण्यात बाबा आढाव यांची हमाल पंचायत यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्यात टोळीची नोंद मंडळाकडे होते, व्यापारी मजुरी आणि त्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, मंडळात भरतो, आणि भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस यांची सोय त्यातून होते. मजुरी देणारे बदलत राहिले तरी हमालाची नोंद एकाच ठिकाणी राहते. तुमच्या कार्डावरचे नाव बदलले की सहा वर्षे पुसली जातात. तिथे पुसली जात नाहीत. अशी व्यवस्था करता येते हे आपल्याच राज्याने दाखवून दिले आहे, तेव्हा कंत्राटी कामगारांसाठी काही करताच येत नाही, असे कोणी म्हणाले तर ऐकून घेऊ नका.

संपाबद्दल मात्र कडक शब्दांत सांगते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार कोणत्याही आस्थापनेत संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते, समेटाची कार्यवाही चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा घेतली तरी तो संपच मानला जातो. बेकायदा संपात भाग घेणाऱ्या कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. नोटीस दिली की समेट सुरू होतो आणि समेट सुरू झाला की संप अडतो; कामगाराच्या हातातले शेवटचे साधन इतके बोथट करणे मला अन्यायाचे वाटते आणि ते बदलावे यासाठी बोलत राहिले पाहिजे. पण कायदा आहे तोवर, रागाच्या भरात ‘उद्यापासून मशीन बंद’ असे टपरीवर ठरवणारा माणूस तुम्हाला खड्ड्यात घालील. याच संहितांत तुमच्या उपयोगाचेही काही आहे: प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक झाले आहे, ठेकेदाराने पगार बुडवला तर मुख्य मालकावर तो देण्याची जबाबदारी राहते, आणि मूळ उत्पादनाच्या कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई आहे. या मनाईला अपवाद फार रुंद ठेवले आहेत हे खरे. तरी सहा वर्षे तिन्ही पाळ्यांत चालणारा प्रेस हा कारखान्याच्या मूळ कामाचा भाग नाही, असे म्हणणे कंपनीला जड जाईल.

रविवारी काय विचारावे? युनियनची नोंदणी झाली आहे का आणि प्रमाणपत्र पाहायला मिळेल का, हे पहिले. पदाधिकाऱ्यांत प्रत्यक्ष काम करणारे किती आणि बाहेरचे किती, हे दुसरे. कायद्यानेच बाहेरच्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आहे. वर्गणीची पावती छापील मिळते का, वर्षाचा हिशेब सभासदांसमोर वाचला जातो का, आणि ज्या कारखान्यांत त्यांनी करार केले तिथल्या दोन कामगारांशी तुम्हाला बोलता येईल का, हेही विचारा. यानंतरचा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानते आणि तो तुमच्या वडिलांनी विचारावा अशी माझी इच्छा आहे: करारावर सही होण्यापूर्वी तो मसुदा गेट मीटिंगमध्ये वाचला जाईल का, आणि थांबायचे की पुढे जायचे हे कोण ठरवील? हॉटेलच्या खोलीत रात्री अकराला झालेले करार मी पाहिले आहेत. सकाळी कामगारांना फक्त आकडा कळला होता. या प्रश्नावर समोरचा पुढारी चिडला, ‘माझ्यावर विश्वास नाही का’ असे म्हणाला, तर फॉर्म कोराच घेऊन परत या आणि दुसरी युनियन शोधा. चाकण ते पिंपरी-चिंचवड या पट्ट्यात काम करणाऱ्या संघटना एकापेक्षा जास्त आहेत. त्याने नीट उत्तर दिले, आणि तुमच्यातल्याच पाच-सात जणांची समिती त्याच दिवशी नेमायला तो तयार झाला, तर सही करा, तारीख घाला आणि पावती घ्या.

सुपरवायझरने जे बजावले ते त्याने मनाने सांगितले की वरून सांगायला लावले, हे तुम्ही ओळखत असाल. संघटनेत जाण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदात आहे, आणि त्यात आडकाठी आणणे, धमकावणे हे १९७१ च्या राज्य कायद्यातही अनुचित प्रथा म्हणून नोंदलेले आहे आणि नव्या संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही. त्याच्याशी वाद घालू नका. तो काय म्हणाला, कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीत, जवळ कोण होते, हे घरी वहीत लिहून ठेवा. सही केल्यावर गेटवर कार्ड चालेनासे झाले तर तिथे आवाज चढवू नका. त्याच दिवशी ‘मी कामावर हजर झालो होतो, मला आत घेतले नाही’ असे पत्र कंपनी आणि ठेकेदार दोघांनाही स्पीड पोस्टाने पाठवा आणि त्याची प्रत सहायक कामगार आयुक्तांकडे द्या. राज्याच्या कायद्यात अनुचित प्रथेची तक्रार ९० दिवसांत करावी लागते, म्हणून बघू-करू म्हणत दिवस घालवू नका. नव्या संहितांमुळे कुठला अर्ज कुठे करावा हे वकिलाकडून त्याच आठवड्यात ठरवून घ्या. राजीनामा लिहून देऊ नका. कोऱ्या कागदावर किंवा ‘सर्व हिशेब मिळाला’ असे छापलेल्या व्हाउचरवर सही करू नका, मग समोर किती का रक्कम ठेवलेली असेना.

घरात तुमच्या पत्नीशी हे सगळे बोलला आहात का? पत्रात त्यांचा उल्लेख नाही. मंगळसूत्र तुमच्या आईचे मोडले होते, आणि त्या वेळी त्यांना कोणी विचारले होते असे वाटत नाही. तीन महिन्यांचे धान्य, भाडे आणि मुलीची फी एवढी सोय करायला किती महिने लागतील, हा हिशेब दोघांनी बसून मांडा आणि बैठकीत इतरांनाही मांडायला सांगा. तुमच्यातल्या निम्म्या जणांची ती सोय व्हायला सहा महिने लागणार असतील, तर आधीचे सहा महिने मागणीपत्र, अपघाताचे प्रकरण आणि कागद जमवण्यात घालवावेत, हे शहाणपणाचे होईल.

वडिलांना समजावण्याचा प्रयत्न करू नका, त्यांना विचारा. साचेखात्यातले लोक संपाच्या कितव्या महिन्यात गावी जाऊ लागले, परत जायचे असे कोणाला वाटत होते, आणि ते बोलायची सोय कुठे होती का? माझ्या अनुभवात गिरणी कामगारांच्या मुलांनी हे प्रश्न फार क्वचित विचारले आहेत, आणि वडिलांनीही आपणहून सांगितलेले नाही. ते एकदा बोलू लागले की ‘युनियन नको’ या वाक्यामागे आणखी पुष्कळ काही आहे, असे तुम्हाला दिसेल. बैठकीला नाही आले तरी चालेल, पण तो करारावरचा प्रश्न त्यांच्या शब्दांत लिहून घेऊन जा.

आणि एक काम रविवारपर्यंत नक्की करा. आधीची दोन कार्डे नव्या ठेकेदाराने परत घेतली की तुमच्याकडेच राहिली, हे पत्रातून कळत नाही. घरात असतील तर ती शोधा, तिसरे कार्ड शेजारी ठेवा, तिन्हींच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स एकाच कागदावर काढा, आणि मूळ कार्डे वडिलांजवळ ठेवायला द्या. वडिलांच्या जुन्या पेटीत त्यांचे बदलीचे कार्ड अजून असेल, तर त्याचीही एक प्रत काढून घ्या.